रेडकांचं झाड

आमच्या दाजींना चित्र काढायला कुणी शिकवलं नाही. शिकवलं असतं तर त्यांनी चारचौघांसारखी चित्रं काढली असती, असं माझं मत आहे. डोंगर, मागून सूर्य, एखादी होडी. भिंतीवर लावता तरी आली असती. दाजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे, आक्काचे यजमान. नाव ज्ञानू. कागलच्या एमआयडीसीत फाउंड्रीत कामाला जातात आणि सुट्टी मिळाली की फुलेवाडीतल्या घरी जमिनीवर पालथे पडून निळ्या बॉलपेननं झाड काढतात. वर्षानुवर्षं तेच एक झाड.

झाड वडाचं. पारंब्यांच्या टोकाला पोत्याची गाठोडी लोंबतात आणि गाठोड्यांतून म्हशीची रेडकं डोकावतात. कुणाचं नुसतं नाक बाहेर, कुणाचा एक पाय. काही अजून कच्ची आहेत, डोळे मिटलेली. मुळं जमिनीत शिरायचं सोडून गोठ्याच्या दाराकडं निघालेली, पलीकडं ओढा. मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा विचारलं, "दाजी, हे काय हाय?" ते म्हणाले, "झाड." पुढं बोलायची सोयच ठेवली नाही.

खुलासा झाला तो एकदा जेवताना. शाहूवाडीकडं त्यांच्या वाडीत म्हैस व्याली की तिची वार, रेडकामागून पडते ती, गवतात आणि पोत्यात गुंडाळून वडाला टांगायचे. वडाला चीक असतो, त्यामुळं म्हशीलाही दूध भरपूर सुटतं, अशी समजूत. दाजी लहानपणी त्या वडाखाली उभे राहायचे. त्यांना वाटायचं, रेडकं ह्या गाठोड्यांतच पिकतात आणि पिकली की मोठी माणसं उतरवून गोठ्यात नेतात. आतून बारीक ओरडल्याचा आवाजसुद्धा यायचा म्हणे. हे सांगताना त्यांचा चेहरा असा उजळला की माझी थट्टा तोंडातच राहिली. ह्या माणसाजवळ स्वतःचं म्हणावं असं दुसरं काही नाही. राहतं घर आमच्या वडिलांनी दिलेलं, नोकरी चुलत्यांनी लावलेली, अंगातला शर्टसुद्धा आक्का निवडते. झाड तेवढं त्यांचं.

यंदा दिवाळीनंतर शेजारी संयोगिता नावाची एक चित्रकार मुलगी भाड्यानं राहायला आली. तिनं ते झाड पाहिलं आणि हट्टानं दसरा चौकाजवळच्या एका हॉलमध्ये प्रदर्शनात लावलं. खाली पाटी, 'माझ्या बालपणातलं झाड', आणि दाजींचं नाव. दाजी त्या पाटीसमोरून उगाचच चार-चारदा जात होते. त्यांच्या आईला, चिमणाबाईंना, गावाहून मुद्दाम आणलं होतं. ऐंशी ओलांडलेली बाई, पण कान शाबूत आणि आवाज अख्ख्या गल्लीला पुरेल असा.

लोक यायचे, बघायचे आणि डोकं खाजवायचे. एकजण म्हणाला, हे प्राण्यांच्या हालांवर आहे. एका गृहस्थानं मला हळूच विचारलं, दूध संघाची जाहिरात आहे का? मी दोघांनाही होय म्हणालो. मला तरी काय कळत होतं! मग संयोगितानं दाजींना बोलायला उभं केलं. ते घाबरत घाबरत बोलले. वड, ओढा, गाठोडी, आतला आवाज. सगळे मन लावून ऐकत असताना मागून चिमणाबाई कडाडल्या.

"आरं पर ज्ञानू, ते झाड तू कवा बघितलंस?"

"ल्हान असताना, आई."

"काय बोलतोस! तुझ्या जन्माच्या आधीच वादळात पडलं की ते. लाकडं तुझ्या आज्यानं घरी आणली. तुला कुठनं दिसलं?"

लोक हसले. वाईट मनानं नाही, पण हसले. दाजींनी पाटीकडं पाहिलं, चित्राकडं पाहिलं, मग चित्र भिंतीवरून उतरवलं आणि काखेत घेऊन सरळ बाहेर पडले. संयोगिता "काका, अहो काका" करत दारापर्यंत धावली. प्रदर्शन अजून चालू राहणार होतं. जागा रिकामी ठेवते, उद्या घेऊन या, एवढं तिनं मला सांगितलं.

घरी आल्यावर दाजींनी चित्र पलंगावर टाकलं आणि त्याच्याकडं पाठ करून बसले.

"पावणं, मी लोकांना खोटं सांगितलं व्हय?" मेव्हणा म्हणून ते मला पावणंच म्हणतात. "मला त्या झाडाची साल आठवतीया. हाताला लागल्याली. मग ती कुणाची साल?"

"दुसरं कुठलं तरी झाड असंल, दाजी."

"दुसरं न्हवतंच," चिमणाबाई म्हणाल्या. "वाडीत वड एकच."

मला राग आला. म्हातारीचा, दाजींचा की त्या पडलेल्या झाडाचा, ते कळेना. न पाहिलेलं झाड माणूस जन्मभर काढतो कसं? आणि पाहिलं नसेल, तर ह्यांचं म्हणून जे एक होतं ते तरी कुणाचं? दाजी म्हणाले, "उद्या काय मी जात न्हाय. जे माझं न्हवं ते भिंतीवर कशाला?"

तेवढ्यात चिमणाबाई पलंगाशी वाकल्या. हॉलमधल्या गर्दीत त्यांना चित्र धड दिसलंच नव्हतं. आता डोळे बारीक करून बघू लागल्या आणि त्यांनी एका फांदीवर बोट ठेवलं.

"ही फांदी अशीच वाकडी व्हती," त्या म्हणाल्या. "ज्ञानू, तू दूध प्यायचा न्हाईस. मांडीवर घिऊन ह्या झाडाचं सांगितलं की मग प्यायचास. त्येच राहिलंय तुझ्या डोक्यात."

"आणि रेडकं पिकायची, ते?"

त्यांनी पदर तोंडाला लावला. "ते मला वाटायचं."

मग हळूहळू सगळं बाहेर आलं. तेरा वर्षांची नवरी शिरोळकडून डोंगरात आलेली. माहेरी वार उकिरड्यात पुरायचे, टांगलेली तिनं कधी बघितली नव्हती. सकाळी उठावं तर गोठ्यात नवं रेडकू आणि वडाला ओलं गाठोडं. विचारणार कुणाला? सासूपुढं तोंड उघडायची सोय नव्हती. पाण्याला जाताना ती वडाजवळ थांबायची आणि आज कोणतं पिकलंय ते बघायची. "कुणाला बोललेच न्हाई. खुळी म्हणून माघारी धाडतील, असं वाटायचं. तू बारका व्हतास, तुला काय कळतंय, म्हणून तुला सांगितलं."

मला एकदम भरून आलं, आणि भरून आल्याचाही रागच आला.

दाजी वळून बसले. आईकडं असे बघत होते, जणू ही बाई त्यांना आजच भेटली होती.

"आई, तू कुठं उभी ऱ्हायचीस?"

त्यांनी पेन काढलं आणि झाडाखाली मोकळ्या जागेवर टेकवलं. "हितं?"

"न्हाई बाबा. भ्या वाटायचं मला. आजून लांब."

"मग हितं?"

"आजून."

चिमणाबाईंचं बोट सरकत सरकत गेलं. गोठ्याचं दार गेलं, ओढा गेला, कागद संपला, आणि ते चादरीवर जाऊन थांबलं. "हितं. डोक्यावर घागर."

दाजींनी क्षणभर त्या बोटाकडं पाहिलं. मग दारात उभ्या आक्काला म्हणाले, "एक कागद दे. जोडाय पायजे."