परत आलेली कौलं

हरिश्चंद्र सुतार कावीळ होऊन गेला, तेव्हा वाडीतल्या लोकांना वाटलं, आता त्याची बायको रुक्मिणी अंगणातली कौलं मिळेल त्याला देऊन टाकील आणि मुलीकडे पेडण्याला जाऊन राहील. तसं झालं नाही. बाराव्याचे पाहुणे पांगले आणि दुसऱ्याच दिवशी ती नारळाचं सोडण घेऊन पडवीत बसली आणि कौलांवरचं शेवाळ घासायला लागली.

चौक्याहून धामापूरला जाणाऱ्या रस्त्याच्या कडेला तिचं घर. हरिश्चंद्राने उभा जन्म घरांची छपरं चढवली. पण अठ्ठ्याण्णव-नव्व्याण्णवच्या सुमाराला जो तो स्लॅब घालायला लागला. उतरवलेली कौलं लोक रस्त्याच्या खड्ड्यात टाकत. हरिश्चंद्राला ते बघवत नसे. तेव्हापासून तो आपल्या सगळ्या जुन्या गिऱ्हाइकांना सांगत फिरला, "स्लॅब घातलास तर कौलां टाकू नको. माका हाक मार. मी परत नेतंय." आणि खरंच टेम्पो करून तो ती घेऊन येई. कौलं, वासे, रिपा, खिडक्या, कधी अख्खी चौकट. कुणाला गोठ्याला, कुणाला शेतातल्या मांगराला लागलं की इथूनच नेत. त्यांनाही तो आणून द्यायला बजावी, "नको झाली की परत हाडून दी."

त्याच्यामागे रुक्मिणीने तेच चालू ठेवलं. कौल कानाशी धरून बोटाच्या पेराने वाजवायचं. खणखणलं तर रांगेत, बद्द वाजलं तर बाजूला. प्रत्येक रांगेच्या पहिल्या कौलावर ती खडूने घराचं नाव लिही. खडू पावसात जाई, मग पुन्हा लिही. त्याची गरज नव्हती. कुठली रांग कुणाची, ते तिला पाठ होतं.

मुलगी वर्षाली दिवाळीला नि मे महिन्यात येई, चार दिवस राही. बाकी वर्षभर घरात आवाज म्हणजे कौलांचा. न्यायला येणारा माणूस टेप लावी, मोजी, भरी आणि निघे. द्यायला येणारा मात्र जरा रेंगाळे. आयुष्यभर डोक्यावर असलेलं छप्पर दुसऱ्याच्या अंगणात ठेवून लगेच पाठ फिरवणं कुणालाच जमत नसे. मग चहा होई. कुठल्या खोलीत कोण जन्मलं, कुठल्या वाशाला पाळणा बांधला होता, सगळं निघे. रुक्मिणी ऐके. जाताना लोक "येतंव हां परत" म्हणत. येत कुणी नसे. यायला काही काम उरलेलं नसे.

देवबागची चंद्रावती तेवढी आली. साल दोन हजार सहा. तिच्या मुलांनी स्लॅबचं घर बांधलं आणि म्हातारी स्वतः टेम्पोत कौलांबरोबर बसून आली. सुकी मासळी विकणारी बाई, आवाज असा की माडावरचे कावळे उडावेत. पण त्या दिवशी रांग लावून झाल्यावर ती कौलांवर हात ठेवून उभी राहिली.

"माझ्या सासऱ्यान घातलेली ही," हळूच म्हणाली. "कोणाक दिलंस तर बऱ्या घरात दी गो."

त्यानंतर दर बुधवारी कुडाळच्या बाजाराहून परतताना ती वाटेत उतरायला लागली. पहिल्यांदा म्हणाली, कौलं बघायला आले. मग तेही म्हणेनाशी झाली. उरलेला सुका बांगडा रुक्मिणीच्या पुढ्यात टाकी आणि पडवीत पाय पसरून बसे. सुनेच्या कागाळ्या, समुद्राच्या गोष्टी, दुखरे गुडघे. रुक्मिणी बुधवारी दोन माणसांचं पीठ मळायला लागली. चंद्रावतीची कौलं मागायला दोनचार जण येऊन गेले, त्यांना तिने दुसऱ्या रांगा दाखवल्या.

तीन वर्षं अशी गेली. दोन हजार नऊचा श्रावण संपला आणि एका बुधवारी चंद्रावती आली नाही. पुढच्याही नाही. गुडघे असतील, रुक्मिणीने मनाची समजूत घातली. गणपती गेले, दसरा गेला. मग ती एक दिवस काही गोड करून डब्यात घेऊन, मालवणला बस बदलून देवबागला गेली.

नवं घर शोधायला वेळ लागला नाही. दारात थोरली सून जानकी जाळं झटकत होती.

"चंद्रावतीबाय खंय आसत?"

"आई मुंबयक गेली. धाकट्या भावजींकडे. नातवाक सांभाळूक कोण नाय म्हणान." जानकीने तिला खालून वर पाहिलं. "तुमी कोण?"

"मी... कौलांवाली. धामापूरच्या रस्त्यावरची."

"कौलां परत देवक इलात? आमका नको आता ती."

"नाय, नाय. सहजच इलंय." डबा तिने पिशवीतच ठेवला. "परत कधी येतली?"

"कोणाक ठाऊक. झाले दोन म्हयने."

बसमध्ये रुक्मिणी खिडकीला डोकं टेकून बसली. तिला चंद्रावतीचा राग आला नाही. आपल्याला निरोप द्यायला हवा, हे त्या घरात कुणाच्या ध्यानातच आलं नव्हतं. कसं येणार? देवबागात कुणाला ठाऊक नव्हतं की बुधवारी म्हातारी कुठे उतरते.

महिन्याभरात फयान वादळ आलं. दुपारभर माड जमिनीला टेकत होते. दुसऱ्या दिवसापासून रुक्मिणीच्या दारात रीघ लागली. ज्यांनी कौलं काढून पत्रे घातले होते, त्यांचे पत्रे उडाले होते. पत्रे मिळेपर्यंत कुणाला गोठ्यापुरती हवी होती, कुणाला स्वयंपाकघरापुरती. ज्याची त्याला दिली, ती आधीच गेली असली तर दुसऱ्याची. तीन दिवसांत अंगण रिकामं झालं. राहिली एकच रांग.

चौथ्या दिवशी वालावलचा सत्यवान टेम्पो घेऊन आला. बायको बाळंतीण होती, डोक्यावर ताडपत्री होती. तो रांगेकडे बघत उभा राहिला. रुक्मिणी रांगेपाशी गेली.

"घेवन जा," ती म्हणाली. "देवबागच्या चंद्रावतीची आसत. सांभाळून उतरव. नको झाली की परत हाडून दी."

"होय, होय," सत्यवान म्हणाला, पण त्याचं लक्ष मोजण्यात होतं.

टेम्पो गेला आणि अंगण एवढं मोठं दिसायला लागलं की तिला तिथे उभं राहवेना. जिथे जिथे रांगा होत्या तिथे पिवळं पडलेलं गवत पट्ट्यापट्ट्यांनी उरलं होतं. वर्षाली येऊन तिला पेडण्याला घेऊन गेली. आठ दिवसांनी रुक्मिणी परत आली. कुणी कौलं घेऊन आलं आणि दार बंद दिसलं तर रस्त्यातच टाकतील, असं तिने लेकीला सांगितलं. हिवाळाभर कुणी आलं नाही.

मे महिन्यात दुपारी एक रिक्षा थांबली. सत्यवानाची बायको दीपिका कडेवर मूल घेऊन उतरली. छप्पर नीट बसवून झाल्यावर तीसेक कौलं उरली होती, ती तिने रिक्षाच्या मागच्या बाजूला रचून आणली होती. "तुमी परत हाडूक सांगितल्यात, असा हे म्हणाले."

रिक्षावाला उतरवून निघून गेला. दीपिका पाणी प्यायली आणि बोळकं दाखवत हसणाऱ्या पोराला जमिनीवर सोडून तिने विचारलं, "काकी, ही चंद्रावती कोण? ह्यांका काय सांगूक येयना."

रुक्मिणीने चहा टाकला. आधी देवबागच्या सासऱ्याचं सांगितलं, मग बुधवारच्या सुक्या बांगड्यांचं, मग हरिश्चंद्राचं, जे कुणी विचारलं नव्हतं. बोलता बोलता तिचा घसा बसला. इतकं सलग बोलायची तिला सवय राहिली नव्हती. दीपिका मध्येच "मग?" म्हणे.

दीपिकेला परत न्यायची कुडाळची बस त्या दिवशी पाऊण तास उशिरा आली. दीपिकेने दोनदा रस्त्याकडे पाहिलं. रुक्मिणीने एकदाही पाहिलं नाही.