शिट्टीवाल्याची पाणमांजरं

नदी समुद्राला मिळते तिथल्या चिखलात शिट्टीवाल्याचा जन्म गेला. होडी सोडण्याआधी तो तोंडात बोटं घालून शिट्टी मारायचा, की खडकाखालच्या बिळातून पाणमांजरं माना वर काढायची. तो त्यांना बारीक मासळी फेकायचा. लोक टिंगल करायचे, "सोयरे जेवले का?" तो म्हणायचा, "तुमच्यापेक्षा बरे. खातात आणि गप्प बसतात."

हात थरथरायला लागले तशी होडी गेली आणि तो लेकीच्या दारात येऊन पडला. जावयाचाही धंदा मासेमारीचाच. त्याची जाळी पाणमांजरं फाडायची. आधीच त्याच्या नाकाचा शेंडा कायम लाल, त्यात हे.

"मामा, बिळं तुम्हाला ठाऊक आहेत," तो जेवताना म्हणाला. "उद्या ओहोटीला दाखवा."

"जाळी मी शिवून देत जाईन."

"सुईत दोरा तरी जातो का तुमच्याच्याने?"

म्हाताऱ्याने लेकीकडे पाहिलं. ती वाढता वाढता म्हणाली, "बाबा, ऐका त्यांचं. या वयात कुठे जाल?"

ओहोटीला दोघं गेले. जावयाने बिळाच्या वरच्या तोंडाशी ओलं गवत पेटवलं. धूर आत शिरला, पण खालून काहीच बाहेर येईना.

"शिट्टी मारा."

"तोंडाला कोरड पडलीय."

"मग आज अंथरूण कुठे घालायचं तेही ठरवा."

त्याने शिट्टी मारली. खोकत, पिल्लू तोंडात धरून मादी बाहेर आली. पाणी डावीकडे होतं. ती उजवीकडे, थेट म्हाताऱ्याच्या पायांशी आली. तिथेच जावयाने तिला काठीने गाठलं. पिल्लाला पोहता येत नव्हतं. ते त्याने चिखलातल्या डबक्यात टाचेखाली धरून बुडवलं.

घरी येताना जावई खुशीत होता. रात्री लेकीने बापाच्या ताटात मासळीचा डोक्याकडचा मोठा तुकडा वाढला. घास घशाखाली उतरणार नाही असं त्याला वाटलं होतं. पण भूक सडकून लागली होती. त्याने काटे चोखून खाल्ले.

नदीकडून नराचं ओरडणं ऐकू येत होतं. लेकीने उठून खिडकी लावली.

"अजून आहे वाटतं एक," जावई म्हणाला.

"पलीकडच्या काठालाही बीळ आहे," म्हातारा न विचारताच बोलला, आणि त्याने आणखी थोडा रस्सा मागितला.