काकूंची चोवीस लेकरं

हरणाऱ्या टीमवर जीव टाकणारी माणसं जगात पुष्कळ असतील, पण टीम जिंकली की घरी येऊन उसासे टाकणारी बाई अख्ख्या कॅनडात एकच होती, आणि तिच्या बेसमेंटमध्ये मी चार वर्षं भाड्याने राहत होते. ही दोन हजार सालानंतरच्या पाच-सात वर्षांतली गोष्ट. मी पुण्याहून ओटावाला आलेली, कनाटा नावाच्या उपनगरातल्या एका कंपनीत सॉफ्टवेअरची नोकरी करणारी. काकू मूळच्या नागपूरच्या, नवऱ्याच्या मागोमाग तरुणपणीच इथे आलेल्या. काका जाऊन बरीच वर्षं झाली होती, मुलगा व्हँकूवरला होता आणि त्या भूलतज्ज्ञ म्हणून रिटायर झाल्या होत्या. "तीस वर्षं लोकांना झोपवलं, बाप्पा," त्या म्हणायच्या, "आता म्हटलं आपण जरा जागं राहावं, म्हणून बेसबॉल बघून राहिली." आता बेसबॉल हा जागं राहायचा उपाय आहे, असं म्हणणारंही मला दुसरं कोणी भेटलेलं नाही. आम्हां पुणेकरांना कशातच इतकं गुंतायची सवय नसते, आम्ही लांब उभं राहून नावं ठेवतो. काकूंच्या घरी पहिले तीन महिने मी तेच केलं, आणि चौथ्या महिन्यात स्वतःच्या खर्चाने टीमची टोपी विकत घेतली.

आधी या टीमचा कारभार सांगायला हवा. आमची ओटावाची टीम म्हणजे अमेरिकेतल्या एका मोठ्या टीमची तयारीची टीम. इथे एखादा चांगला खेळला की त्याला वरून बोलावणं येतं आणि तो जातो. वर त्याचं जमलं नाही की परत इथे. म्हणजे जो उत्तम तो राहत नाही, आणि जे राहतात त्यांच्या जिवावर मॅच जिंकायची! साहजिकच आम्ही हरायचो. नियमित हरायचो. आणि चुकून लागोपाठ चार मॅच जिंकलो तर काकूंचा चेहरा उतरायचा. "झालं! आता दोघंतिघं जातील बघ. घर रिकामं होऊन राहिलं माझं."

हे घर होतं त्यांच्या फ्रिजवर. टीममधल्या चोवीस जणांच्या चोवीस चिठ्ठ्या फ्रिजच्या दारावर मॅग्नेटने लावलेल्या असत, आणि कोण आला, कोण गेला, कोणाचा खांदा दुखतोय यावर त्यांची रोज सकाळी हलवाहलव व्हायची. दूध काढायला गेलं तरी "दार हळू लाव, पिचर पडतील" असं ऐकावं लागे, पिचर म्हणजे चेंडू टाकणारे गडी. खेळाडूंची खरी नावं काकूंना पाठ होती, पण वापरत नसत. विशीतला शॉर्टस्टॉप, म्हणजे दुसऱ्या-तिसऱ्या बेसच्या मधे उभा राहणारा, कुठल्याशा बेटावरून आलेला, तो शेंडेफळ. पहिल्या बेसवरचा अगडबंब गडी म्हणजे बकासुर. मोठ्या टीममधला एखादा नावाजलेला खेळाडू दुखापतीनंतर दोन-तीन दिवस सरावाला आमच्याकडे यायचा, तो जावई. "जावई आला आहे, आता तीन दिवस याचं कौतुक करा. धावणार नाही, वाकणार नाही, वरून नाक मुरडणार," असं त्या भर स्टँडमध्ये मराठीत मोठ्याने म्हणायच्या. आणि टीमच्या भविष्याबद्दल विचारलं की फ्रिजसमोर हाताची घडी घालून उभ्या राहत. "पुढच्या वर्षी बघ तू. तो डावरा पिचर तयार होऊन राहिला. बकासुरानं वजन उतरवलं की पत्ता लागणार नाही कोणाला." बकासुराने वजन उतरवलं नाही. पण पुढचं वर्ष काकूंना कायम हातभर अंतरावर दिसायचं.

मॅचला जायचं म्हणजे काकूंच्या गाडीतून. सत्तरीतली ही बाई हायवेवर अशी गाडी चालवायची, की ग्राउंड येईपर्यंत मी देवाची नावं संपवून नातेवाइकांवर आलेली असायची. पर्समध्ये सांबारवडी, म्हणजे नागपूरकडची कोथिंबीरवडी. बाहेरचं खाणं आत न्यायला बंदी होती, पण गेटवरच्या म्हाताऱ्या गोऱ्या माणसाला त्यांनी पहिल्याच वर्षी दोन वड्या चारून फितवलं होतं. स्टँड निम्म्याहून जास्त रिकामा असायचा, त्यामुळे काकूंचा आवाज थेट मैदानात पोचे. भूल देण्यात हयात गेल्यामुळे त्यांचं लक्ष चेंडूवर नसायचंच, पिचरच्या छातीवर असायचं. "श्वास बघ त्याचा. वर लागला आहे." मग उठून, मॅनेजरच्या डोक्यावर ओरडल्यासारखं, "टेक हिम आउट! ही इज टायर्ड!" मॅनेजर ऐकायचा नाही आणि पुढच्याच चेंडूवर होमरन, म्हणजे आपला सिक्सर, बसायचा. असं चार-पाचदा झाल्यावर तो मॅनेजर पिचर बदलायच्या आधी हळूच आमच्या रांगेकडे बघायला लागला. खोटं वाटेल, पण मी शेजारी होते!

आता मुद्द्याची गोष्ट. काकूंच्या घरात "जाते" म्हणायला सक्त मनाई होती. पहिल्याच दिवशी ऑफिसला निघताना मी दारातून "काकू, जाते" म्हणाले आणि त्यांनी माझ्या जॅकेटला धरून मला मागे ओढलं. "जाते काय? येते म्हण!" नुसतं म्हणून चाललं नाही. बूट काढून आत या, पाच मिनिटं बसा, घोटभर पाणी प्या, मग "येते" म्हणा. बाहेर उणे वीस, बस गेली आणि दुसरी येईपर्यंत माझ्या पापण्यांवर बर्फ जमला. फर्नेस दुरुस्त करायला येणारा दाढीवाला माणूससुद्धा त्यांनी असा तयार केला होता, की हत्यारांची पेटी उचलताना तो गंभीरपणे "येटो" म्हणायचा.

अशा या काकू. आणि पहिल्या उन्हाळ्यात शेंडेफळाला वरून बोलावणं आलं. मॅच संपल्यावर तो कुंपणापाशी सह्या देत होता. काकू लगबगीने खाली गेल्या, जाळीतून त्याचं बोट धरलं आणि डोळे वटारून म्हणाल्या, "यू गो! अँड डोन्ट कम बॅक! आय डोन्ट वॉन्ट टू सी यू हिअर अगेन. नेव्हर!" पोरगं पांढरंफटक पडलं. वर्षभर सांबारवडी खिलवणारी बाई असं का बोलते आहे, हे त्याला कळेना. मला धावत जाऊन समजवावं लागलं, की बाबा रे, आमच्यात निघालेल्याला "परत ये" म्हणतात, पण तुझ्या धंद्यात परत येणं म्हणजे पडणं, म्हणून ही बाई जन्माची रीत मोडून तुला आशीर्वाद देते आहे. ते कळल्यावर त्याने जाळीवरून वाकून काकूंना अशी मिठी मारली की त्यांचा चष्मा मैदानात पडला. पुढच्या मोसमात ही प्रथाच झाली. कोणाला बोलावणं आलं की आमच्या स्टँडमधली ती तीन-चारशे माणसं उभी राहून ओरडायची, "डोन्ट कम बॅक!" बाहेरगावहून आलेल्या टीमला वाटत असेल, काय दुष्ट गाव आहे हे.

पण एकासाठी ते कधी ओरडायला मिळालं नव्हतं. आमचा कॅचर. बॅट्समनच्या मागे उकिडवं बसून चेंडू झेलणारा, चौतिशीचा, काकूंचा थोरला. सात वर्षं तो असल्या तयारीच्या टीममध्ये होता आणि वर एक दिवससुद्धा खेळला नव्हता. बसताना त्याचे गुडघे वाजायचे, ते आम्हाला तिसऱ्या रांगेत ऐकू येत. नवीन आलेल्या प्रत्येक पिचरला तो शिकवायचा, सांभाळून घ्यायचा आणि वर पाठवून द्यायचा. काकूंचं सगळं गणित त्याच्यापाशी येऊन अडायचं. "मला कप नको, काही नको. थोरल्याला एक दिवस वर खेळू द्या. एकच. मग ही टीम बुडो की तरो."

तिसऱ्या वर्षी ते घडता घडता राहिलं. वरच्या टीमच्या कॅचरचं बोट दुखावलं आणि थोरल्याला बोलावणं आलं. काकू एवढ्या ओरडल्या, की दोन दिवस घसा बसला. थोरला एअरपोर्टवर पोचला, तेवढ्यात वरच्याचा एक्स-रे चांगला निघाला. दुसऱ्या दिवशी मॅचला गेलो तर थोरला आपला त्याच जागी उकिडवा बसलेला. काकूंनी त्या दिवशी पर्स उघडलीच नाही. परतताना गाडी पहिल्यांदाच सावकाश चालवली आणि मध्येच म्हणाल्या, "मी इथे आली ना, तर माझी नागपूरची डिग्री चालत नव्हती. पाच वर्षं हॉस्पिटलच्या लॅबमध्ये काचेच्या नळ्या धुतल्या. माझ्याजवळ बसून अभ्यास केलेले पोट्टे डॉक्टर होऊन गेले, आणि मला रोज सकाळी वाटायचं, आज बोलावतील. आज बोलावतील." मी खिडकीबाहेर बघत बसले, आणि नावं ठेवायला एकही गोष्ट सुचली नाही.

चौथ्या उन्हाळ्यात बातमी आली, की मोसम संपला की टीम ओटावातून हलणार, दुसऱ्या कुठल्या गावी. प्रेक्षकच नाहीत म्हणे. मग आम्ही कोण होतो? काकूंनी एक दिवस शोक केला आणि दुसऱ्या दिवशी कामाला लागल्या, कारण आता दिवस मोजके होते आणि थोरला अजून इथेच होता. त्यांनी वरच्या टीमच्या मॅनेजरला चार पानी पत्र लिहिलं. त्यात थोरल्याचे गुण, गुडघ्यांचा वैद्यकीय अहवाल (स्टँडमधून तपासलेला) आणि शेवटी "तुम्ही मला निराश करणार नाही अशी आशा आहे" असं लिहून खाली डिग्र्यांसकट सही. मी म्हटलं, "काकू, असं पत्र वाचून कोणी खेळाडू घेतं का?" "तू टाइप कर. स्पेलिंग बघ. अक्कल मागितली नाही मी."

शेवटच्या होम मॅचला लाउडस्पीकरवर घोषणा झाली, की आमच्या कॅचरला वर बोलावलं आहे. सप्टेंबरात मोठ्या टीमला जास्तीचे खेळाडू घेता येतात, हे खरं कारण. काकूंच्या मते, पत्र. सगळा स्टँड उभा राहिला, "डोन्ट कम बॅक" सुरू झालं आणि काकू मात्र तोंडावर हात ठेवून गप्प. मागच्या वेळी घाई झाली होती ना. खेळून होईपर्यंत एक शब्द काढणार नाही, म्हणाल्या. तो कुंपणापाशी आला तेव्हा त्यांनी नुसती मान हलवली. त्यानेही हलवली.

मग सुरू झाले तीन आठवडे! काकूंनी खास त्यासाठी स्पोर्ट्सचं चॅनल घेतलं. मॅच कोण खेळतंय याच्याशी कर्तव्य नव्हतं, त्यांना बाकावरचा थोरला बघायचा असे. "तो बघ, डावीकडून तिसरा! टोपी खाजवून राहिला!" कॅमेरा हलला की कॅमेरावाल्याचा उद्धार. थोरला तीन आठवडे तिथे टोपी खाजवत बसला. मैदानात पाऊल नाही. मला धास्ती वाटायला लागली, की हा असाच बसून घरी जाणार.

मोसमातला शेवटचा रविवार, शेवटची मॅच. टीम अकरा रननी मागे, म्हणजे आमच्या मोठ्या टीमचेही गुण आमच्यासारखेच. आठव्या इनिंगमध्ये मॅनेजरने थोरल्याच्या खांद्यावर हात ठेवला आणि त्याला बॅटिंगला पाठवलं. काकू उभ्या राहिल्या. मी उभी राहिले. पहिला चेंडू त्याने सोडला. दुसरा मारला. जोरात नाही, सरपटी, सरळ समोरच्या टीमच्या शॉर्टस्टॉपकडे. आणि तो पहिल्या बेसकडे धावला! ते वाजणारे गुडघे घेऊन, पाठीवर कपाट बांधल्यासारखा, मान खाली घालून धावला. काकू सोफ्यावर चढून "धाव रे! धाव लेकरा!" असं ओरडत होत्या, मी काहीतरी ओरडत होते, आणि एका पावलाने तो आउट झाला.

"काकू, गेला हो," मी म्हटलं.

"मला दिसत नाही का?" काकू सोफ्यावरून उतरल्या. गाल ओले होते आणि चेहरा असा फुललेला, की मी तसा कधी पाहिला नव्हता. "नाव लागलं ना त्याचं! खेळला ना! एक दिवस म्हटलं होतं मी. झाला की नाही एक दिवस?" असं म्हणून त्यांनी मला धरून त्या दिवाणखान्यात गरगर फिरवलं, सत्तरीच्या बाईने, आणि संध्याकाळी शेजारच्या पंजाबी कुटुंबाला शिरा वाटला. कशाबद्दल, हे त्यांना शेवटपर्यंत कळलं नाही. आमच्या मुलाचं झालं, एवढंच काकूंनी सांगितलं.

त्यानंतरच्या एप्रिलमध्ये एका शनिवारी मी बर्फ उपसायचं शोव्हल ठेवायला गराजमध्ये गेले, तर काकू जॅकेट घालून गाडीत बसलेल्या. मोसम सुरू व्हायचा तो आठवडा. मी शेजारी बसले आणि त्यांनी गाडी काढली. ग्राउंडच्या गेटला कुलूप होतं. जाळीतून पिवळं पडलेलं गवत दिसत होतं, सावलीच्या बाजूला अजून बर्फ होता.

"आता कोणती टीम धरायची, काकू?" मी विचारलं. "टोरांटोची धरू या. तीही हरते."

"नको बाप्पा," काकू म्हणाल्या. "माझे सगळे लागले मार्गाला."

चांगलं हसून म्हणाल्या. पण जाळीत अडकवलेली बोटं काही त्यांनी काढली नाहीत. वारा बोचरा होता, मी दोनदा "चला ना, काकू" म्हटलं.

"थांब ना जरा," त्या म्हणाल्या. मग आम्ही थांबलो.