मुकादमाच्या अकरा फेऱ्या

थोरलीने मुकादमावर डूख धरला तो एका मंगळवारी, सकाळी आठच्या हजेरीला. त्याआधी तिला तो माणूस नुसता आवडत नव्हता.

थोरली म्हणजे एका मोठ्या हॉस्पिटलच्या लाँड्रीतली सगळ्यांत जुनी बाई. पाच बहिणींत मोठी म्हणून घरी थोरली, आणि एकोणीस वर्षं नोकरी झाली म्हणून इथेही थोरली. वय शेहेचाळीस, अंगाने मध्यम, मनगटं पुरुषासारखी. पाच मजल्यांवरच्या चादरी, अभ्रे, टॉवेल, ऑपरेशनचे हिरवे कपडे, सगळं तिच्या आणि आणखी दहा बायकांच्या हाताखालून जायचं. धुण्याची यंत्रं वरच्या दालनात होती, वाळवायची खालच्या. मध्ये सात पायऱ्या. त्यांच्या शेजारी ट्रॉल्यांसाठी बांधलेला उतार होता, चांगला रुंद. पण चार वर्षांपूर्वी हा मुकादम आला आणि त्याला बसायला जागा हवी झाली. उताराच्या तोंडाशी वारा छान यायचा. तिथे त्याने आधी टेबल टाकलं, मग पंखा लावला, मग पत्र्याचा आडोसा ठोकला, आणि शेवटी दुपारी पाठ टेकायला एक खाटही आणली. ट्रॉल्या कोपऱ्यात गेल्या. बायका ओल्या कपड्यांच्या टोपल्या कमरेवर घेऊन पायऱ्या उतरायला लागल्या.

"तेवढाच व्यायाम," मुकादम म्हणाला होता.

पायऱ्या उंच होत्या, कडा झिजलेल्या. टोपली कमरेवर घेतली की पाऊल कुठे पडतंय ते दिसायचं नाही. वर यायचं रिकामं, खाली जायचं भरलेलं, आणि दिवसाला अशा साठ फेऱ्या. दोन वर्षांत थोरलीचा उजवा गुडघा बोलायला लागला. आधी उतरताना वाटीच्या मागे कळ यायची. मग बसमध्ये अर्धा तास बसून उठताना. मग घरचे तीन जिने ती कठड्याला धरून आडवी आडवी उतरायला लागली. हॉस्पिटलच्याच डॉक्टरांनी फोटो काढला, "हाड उत्तम आहे, वय झालं, वजन कमी करा" म्हणाले आणि गोळ्या लिहून दिल्या. गोळी घेतली की गुडघा गप्प बसायचा, तिचा अंमल उतरला की मागची बाकीही बोलून घ्यायचा.

शेवटी थोरलीने अर्ज लिहिला. चार ओळी. उतार मोकळा करावा, ट्रॉल्या पुन्हा चालू कराव्यात, बायकांचे गुडघे दुखतात. मुकादमाने तो वाचला, टेबलावर ठेवला आणि त्यावर चहाचा कप टेकवला. कागदावर गोल डाग उठला. तो म्हणाला, "बघतो."

दुसऱ्या दिवशी, म्हणजे त्या मंगळवारी, त्याने बघितलं. हजेरी झाल्यावर सगळ्यांना थांबवलं आणि म्हणाला, "आपल्या थोरलीबाईंना पायऱ्या झेपत नाहीत म्हणे. कशा उतरतात माहीत आहे ना?" आणि कमरेवर हात ठेवून, ढुंगण हलवत, एक पाय ओढत तो दालनाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत चालला. "बदक! अगदी बदक! नाटकं नुसती."

बायका हसल्या. काही भीतीने हसल्या, काहींना खरंच हसू आलं. थोरलीच्या शेजारच्या यंत्रावर काम करणारी तिची मैत्रीण, जिला सगळे चिमणी म्हणायचे, तीही तोंडावर पदर धरून हसली. थोरलीच्या तळपायाची आग मस्तकात गेली. तिने टोपली उचलली आणि साठ फेऱ्या पूर्ण केल्या.

संध्याकाळी नवऱ्याला सांगितलं. नवरा घरीच मशीन चालवायचा, लोकांच्या पँटी आखूड-लांब करून द्यायचा. तोंडात टाचण्या धरूनच तो म्हणाला, "सोडून दे ना."

"सोडायला ते काय बटण आहे?" थोरली म्हणाली. "त्याची जिरवल्याशिवाय मी मरणार नाही."

"मग मला काळजी नाही. म्हणजे अजून बरीच वर्षं आहेस तू."

फिजिओथेरपीच्या खोलीत टॉवेल पोचवायचं काम थोरलीकडेच होतं. तिथे एक नवीन फिजिओबाई आली होती, थोरलीच्या लेकीएवढी. एके दिवशी थोरली गठ्ठा ठेवून निघाली तेवढ्यात तिने हाक मारली.

"मावशी, दारातली पायरी आत्ता उतरलात ना, तशी परत एकदा उतरा बरं."

"का हो मॅडम, काही सांडलं का?"

"नाही. मला तुमचा गुडघा बघायचाय."

फिजिओबाईने तिला एका लाकडी खोक्यावर उभं केलं आणि हळूच खाली उतरायला लावलं. समोरून फोनवर चित्रण केलं आणि मग ते अगदी सावकाश चालवून दाखवलं. थोरलीने स्वतःचा गुडघा असा कधी पाहिलाच नव्हता. वजन त्याच्यावर आलं की तो आत, दुसऱ्या गुडघ्याकडे, कोसळत होता. पाऊलही आत कलंडत होतं.

"हा माझा?"

"तुमचाच. गुडघ्याचं काम दाराच्या बिजागरीचं, मावशी. वाकायचं आणि सरळ व्हायचं. वरून मांडीला सांभाळायचं काम खुब्याच्या स्नायूंचं. ते थकले की मांडी आत वळते, खालून पाऊल आत पडतं, आणि मधल्यामध्ये गुडघा मुरगळत राहतो. वाटी आपल्या खोबणीत एका बाजूला घासते. एकदा-दोनदा झालं तर काही बिघडत नाही. तुम्ही दिवसात किती पायऱ्या उतरता?"

"साठ फेऱ्या. सात-सात पायऱ्या. कमरेवर ओल्या चादरी."

फिजिओबाईने मनातल्या मनात गुणाकार केला. मग म्हणाली, "बायकांमध्ये हे दुखणं जास्त दिसतं. नेमकं का, यावर आमच्यातच वाद आहेत. आणि गुडघा आत गेला म्हणजे दुखणारच, असंही नाही. पण चारशेवर पायऱ्या, तेही एका बाजूला ओझं घेऊन? तुमचं दुखणं खरं आहे. नाटक नाही ते."

नाटक हा शब्द ती सहज बोलली. तिला काही ठाऊक नव्हतं. पण थोरली तिथल्या तिथे स्टुलावर बसली. तिला वाटलं आता रडू येणार. आला तो राग, आणि या वेळी त्या रागाला धरायला काहीतरी मिळालं होतं.

त्या दिवसापासून थोरली रोज सकाळी व्यायाम करायला लागली. कुशीवर झोपून वरचा पाय उचलायचा. गुडघ्यांच्या वर रबराचा पट्टा अडकवून खुर्चीवरून उठायचं-बसायचं, गुडघे बाहेर धरून. आरशासमोर एका पाटावरून हळू उतरायचं आणि गुडघा पायाच्या दुसऱ्या बोटाच्या रेषेत ठेवायचा. पट्टा नवऱ्याने शिवून दिला, पँटच्या कमरेचं रुंद इलास्टिक दुहेरी करून. थोरली मोजायची ते मात्र वेगळंच.

"एक मुकादम. दोन मुकादम. तीन मुकादम."

"आज किती झाले?" नवरा मशीनवरून विचारायचा.

"पंचेचाळीस."

"बिचारा."

"बिचारा म्हणू नको त्याला!"

तीन महिन्यांनी ती घरचे जिने सरळ उतरायला लागली. कळ पूर्ण गेली नाही, पण माणसात आली. दुसरी कोणी असती तर देवाचे आभार मानून गप्प बसली असती. थोरलीचा विचार आता कुठे सुरू होत होता. तिने एकेका बाईला गाठलं, चिमणीला सगळ्यांत शेवटी. फिजिओबाई जेवणाच्या सुट्टीत खाली यायची आणि पायऱ्यांच्या समोर बसून चित्रण करायची, फक्त कमरेपासून खाली, म्हणजे कोण कुठली ते कळू नये. अकरापैकी नऊजणींचे गुडघे दुखत होते. आठजणींचे आत कोसळताना स्पष्ट दिसत होते. चिमणीचे तर दोन्ही. ते पाहून चिमणी रडायला लागली आणि म्हणाली, "थोरले, मी त्या दिवशी हसले गं."

"माहीत आहे मला," थोरली म्हणाली. तिने तिला जवळ घेतलं नाही. पट्टा कसा लावायचा तेवढं दाखवलं.

दर महिन्याला हॉस्पिटलचे अधीक्षक कुठल्या ना कुठल्या विभागात अर्धा तास येऊन बसायचे, कोणीतरी काहीतरी समजावून सांगायचं. त्या महिन्यात फिजिओबाईची पाळी होती. थोरलीने तिला सांगितलं, "लाँड्रीत घ्या. पायऱ्यांपाशी."

खुर्च्या मांडल्या गेल्या. मुकादम इस्त्रीचा शर्ट घालून अधीक्षकांच्या शेजारी बसला. फिजिओबाईने पडद्यावर चित्रण दाखवलं, गुडघा कसा आत जातो ते समजावलं. मुकादम मध्येच हसला.

"साहेब, या बायकांना धड चालताच येत नाही. त्याला पायऱ्या काय करणार? माझी एवढी वर्षं जिन्यांत गेली. तरुणपणी मी गोणी उचलायचो. माझा गुडघा बघा, हूं की चूं नाही."

थोरली याच वाक्याची वाट पाहत होती. त्याच्या बढाया ती चार वर्षं ऐकत आली होती.

"मग साहेबांना दाखवा ना," ती म्हणाली. "आम्हीही शिकू."

ओली टोपली तयारच होती. थोरलीने ती स्वतः भरली होती आणि काट्यावर घालून पाहिली होती. रोज जेवढी असते तेवढीच, छटाकभरही जास्त नाही. तिला सूड अगदी स्वच्छ हवा होता. मुकादमाने अस्तन्या वर केल्या, टोपली कमरेवर घेतली, आणि पहिल्या तीन फेऱ्या झोकात मारल्या. फिजिओबाईने विचारलं, "चित्रण केलं तर चालेल?"

"करा की! खुशाल करा!"

पाचव्या फेरीला त्याने टोपली या बाजूची त्या बाजूला घेतली. सातव्याला शर्ट पाठीला चिकटला. नवव्या फेरीत उतरताना त्याचा गुडघा आत कोसळला, अगदी पडद्यावरच्या गुडघ्यांसारखा, आणि दहा बायकांनी एकदम श्वास घेतला, कारण आता काय बघायचं ते त्यांना कळत होतं. दहाव्याला त्याने कठडा धरला. अकराव्या फेरीत तो चौथ्या पायरीवर थांबला, टोपली खाली ठेवली आणि तिच्याशेजारीच मटकन बसला.

"यांच्या किती फेऱ्या होतात?" अधीक्षकांनी विचारलं.

"साठ, साहेब," थोरली म्हणाली.

"आणि ट्रॉल्या?"

थोरलीने पत्र्याच्या आडोशाचं दार उघडलं. आत पंखा फिरत होता. खाटेवर उशी होती, हॉस्पिटलचाच अभ्रा घातलेली. अधीक्षकांनी चष्मा काढला, पुसला, परत लावला आणि उताराकडे बघत राहिले.

मुकादम कठड्याला धरून उठला आणि पाय ओढत वर यायला लागला. तेव्हा थोरली पुढे झाली. फिजिओबाईने मानेने नको नको केलं, पण थोरलीने तिच्याकडे पाहिलंच नाही. कमरेवर हात ठेवून, एक पाय ओढत, ती अधीक्षकांसमोरून मुकादमासारखी पाच पावलं चालली. मग वळून त्याच्या डोळ्यांत बघत म्हणाली, "बदक!"

मग हशा असा फुटला की वरच्या मजल्यावरची माणसं जिन्यावर आली. चिमणी सगळ्यांत मोठ्याने हसत होती, आणि तेवढंच एक थोरलीला आवडलं नाही.

पत्रे त्याच दिवशी निघाले. खाट उचलायला दोन माणसं आली होती, पण थोरली म्हणाली, "थांबा, टेबल मी नेते," आणि तिने ते फरफटत, मुद्दाम आवाज करत बाहेर काढलं. ट्रॉल्यांच्या चाकांना तेल घातलं गेलं. मुकादमाची बदली कापडाच्या कोठारात झाली. तिथली प्रमुख एक कडक बाई होती आणि फाटके अभ्रे वेगळे काढायचं काम तिने त्याच्या गळ्यात मारलं.

"मावशी, तुम्हाला जरासुद्धा वाईट वाटत नाही?" फिजिओबाईने एकदा विचारलं.

"वाटायला हवं का?"

"तसं नाही. पण माणूस आहे तो."

"म्हणून तर. यंत्र असतं तर नुसतं दुरुस्त केलं असतं."

या गोष्टीला सहा महिने झाले आणि एका दुपारी लाँड्रीच्या दारात एक बाई येऊन उभी राहिली. गोरटेली, थकलेली, हातात कापडी पिशवी. जिना उतरताना कळ येते, म्हणाली, इथे कोणी थोरली आहे का, तिला व्यायाम येतात असं ऐकलं. कुणाकडून ऐकलं, थोरलीने विचारलं. बाई खाली बघत म्हणाली, "घरात रोज तुमचंच नाव निघतं. शिव्या घालताना."

ती मुकादमाची बायको होती.

थोरलीला पहिल्यांदा वाटलं, दार लावून घ्यावं. मग तिने विचारलं, "त्यांना सांगितलंत, दुखतंय म्हणून?"

"सांगितलं. नाटकं करतेस म्हणाले."

थोरलीने तिला खुर्ची दिली. आधी वर फिजिओबाईकडे नेऊन नीट दाखवून आणलं, मग आठवड्यातून दोनदा, जेवणाच्या सुट्टीत, पट्टा कसा लावायचा, गुडघा कुठल्या रेषेत ठेवायचा ते शिकवलं. जीव लावून शिकवलं. आणि शिकवता शिकवता, घाई न करता, तो मंगळवार तिला पहिल्यापासून शेवटपर्यंत सांगितला. बायको ऐकत राहिली, पाय उचलत राहिली.

महिन्याभराने ती म्हणाली, "मी त्यांना सांगितलंय, मला वाकायला बंदी आहे. फरशी आता ते पुसतात. गुडघ्यांवर बसून."

"खरंच बंदी आहे?"

"छे!" बायको म्हणाली.

थोरलीने घरी जाऊन नवऱ्याला हे सांगितलं तेव्हा तिला हसू आवरेना. नवऱ्याने तोंडातल्या टाचण्या काढल्या आणि विचारलं, "मग आता झालं का उट्टं काढून?"

थोरलीने खरोखर विचार केला.

"अजून थोडी फरशी पुसू दे त्याला," ती म्हणाली.