भरतीला दारं धरणारे तात्या

देवानं आधी पाणी निर्माण केलं, ते फुकट वाहून चाललंय हे त्याच्या ध्यानात आलं आणि मग त्यानं घाईघाईनं आमच्या दादाच्या साडूंना जन्माला घातलं, याविषयी माझ्या मनात तिळमात्र शंका नाही. नात्यानं ते दादाचे साडू, पण सारी बारामती त्यांना तात्या म्हणायची, म्हणून आम्हीही तात्याच म्हणायचो. लासुर्ण्याच्या शिवारात कालव्याखाली त्यांचा ऊस होता. कालव्याचं पाणी आपल्या पाळीला रानात घ्यायचं, खोऱ्यानं एका सरीचं तोंड बुजवायचं आणि पुढच्या सरीचं उघडायचं, याला आमच्याकडं दारं धरणं म्हणतात. बाकीचे लोक हे काम शेतात करतात. तात्या कुठंही करायचे. जेवायला बसले की आधी ताटातल्या भाताच्या सऱ्या पाडायचे, कडेनं बांध घालायचे, वरच्या टोकाला आमटी सोडायचे आणि बोटानं एकेक दार मोडत ती खालपर्यंत न्यायचे. शेवटच्या सरीला आमटी पोचल्याशिवाय पहिला घास तोंडात जात नसे. माझ्याकडं मुक्कामाला आले की सकाळी आंघोळीला म्हणून न्हाणीत शिरायचे आणि बऱ्याच वेळानं आमची आई ओरडायची, "अरे, त्या तात्यांना कुणीतरी बाहेर काढा! मोरीचं पाणी कर्दळीवरनं वळवून पार शेजाऱ्यांच्या केळीला नेलंय त्यांनी!" शेजारी खूश असायचे.

पाळी चुकवणं म्हणजे तात्यांच्या लेखी ब्रह्महत्येच्या बरोबरीचं पातक. त्यांच्या लग्नात म्हणे अंतरपाट धरला होता, भटजींनी मंगलाष्टकाला सूर लावला होता, आणि तेवढ्यात मांडवाच्या तोंडाशी पाटकरी, म्हणजे कालव्याचं पाणी सोडणारा माणूस, येऊन ओरडला, "पानी आलं वो!" अंतरपाट दूर झाला तेव्हा पलीकडं नवरदेव नव्हता. वऱ्हाडी शोधायला गेले तर हे बाशिंग बांधलेले तसेच उसात उभे, हातात खोरं आणि पाय चिखलात. लग्न लागलं ते गोरज मुहूर्तावर. "माजी सवत कालव्यातनं येती," असं त्यांची मंडळी हसत हसत सांगायची, "ती आली की ह्यांचं घरात ध्यान न्हाय." मी पेशानं वकील. बांधाच्या एका तंट्यात मी तात्यांना साक्षीला उभं करायचा मूर्खपणा केला. पलीकडच्या वकिलानं दरडावलं, "त्या दिवशी तुम्ही कुठं होता?" "दारं धरत हुतो." "आणि आदल्या दिवशी?" "दारं धरत हुतो." "अहो, मग तुम्ही झोपता तरी कुठं?" "हितं कोरटात," तात्या म्हणाले, "हितं लई गार वाटतं." न्यायाधीशांसकट सगळे हसले आणि आम्ही तो दावा हरलो.

अशा माणसाला समुद्रावर न्यायचं हे खूळ आमच्या इंदापूरच्या डॉक्टरांचं. त्यांच्या मेव्हण्याचा कोकणात ऐन किनाऱ्यावर बंगला होता आणि तो वर्षभर रिकामाच पडलेला असायचा. एकोणीसशे तीसच्या पुढची ती वर्षं, आम्ही सगळे ऐन उमेदीतले, आणि समुद्र पाहिलेला फक्त डॉक्टरांनी, तोही मुंबईत शिकायला होते तेव्हा. माझ्या नि बारामतीच्या शाळेतल्या आमच्या मास्तरांच्या अंगात नुसता वारा शिरला. मास्तर तर आठवडाभर वर्गात भूगोलाखेरीज काही शिकवेनात. तात्या एकाच अटीवर तयार झाले: पुढच्या पाळीच्या आत परत यायचं. उन्हाळ्याच्या तोंडाची पाळी, उसाची नवी लागण पावलाएवढी झालेली, ही पाळी हुकली तर ऊस तोंड वर काढायचा नाही. आम्ही शपथा घेतल्या. बारामतीहून छोट्या गाडीनं दौंडला आलो तेव्हा तात्यांची वळकटी फळीवर चढवताना ती डॉक्टरांच्या टाळक्यात बसली आणि ठण्ण असा आवाज झाला. "काय आहे हो यात?" डॉक्टर कळवळले. "खोरं," तात्या म्हणाले. "अहो, समुद्रावर खोरं कशाला?" तात्यांनी डॉक्टरांकडं कीव आल्यासारखं पाहिलं. "सायेब, एवढं पानी म्हनताय. असूं द्यावं हाताशी."

घाट उतरून, सर्व्हिस मोटारीत हाडं खिळखिळी करून घेऊन आम्ही बंगल्याच्या व्हरांड्यात पोचलो आणि समोर तो होता. काय सांगू! मास्तर चपला फेकून वाळूत धावत सुटले, मी त्यांच्या मागं, डॉक्टर "हळू, हळू" म्हणत आमच्याही पुढं. तात्या मात्र पायरीवरच खिळले. "अगागागा!" एवढंच त्यांच्या तोंडून निघालं. मग माझी बाही धरून हळूच विचारलं, "वकीलसायेब, हे पानी कुनाचं?" म्हटलं, "कुणाचंच नाही." "पाळी कुनाची?" "कुणाचीच नाही." "अन् पानीपट्टी?" "माफ." तात्या मटकन पायरीवर बसले. खारट आहे म्हणून सांगितलं तेव्हा कुठं त्यांचा जीव भांड्यात पडला. "तरीच," म्हणाले, "देव येवडा उधळ्या न्हाय."

बंगल्याची राखण एक एकटी म्हातारी करायची. तिला सगळे आये म्हणत. राखणीचं तिला जे काय मिळायचं त्यात चहासुद्धा भागला नसता. तिचं पोट चालायचं ते बंगल्यामागच्या वाडीवर. वाडी म्हणजे केवढी, तर चार वाफे मिरची, दोन वाफे वांगी, कडेनं लाल माठ. ती रोज उठून विहिरीचं पाणी कळशीनं आणून एकेका रोपाला घालायची. आणि वाडीच्या दगडी बांधाला लागून डोंगरातून आलेला एक व्हाळ खुशाल समुद्राकडं वाहत चालला होता! तात्यांना हे बघवेना. बांधाला फळीचं एक दारसुद्धा होतं, पावसाळ्यात साचलेलं पाणी बाहेर काढायचं. दुसऱ्या दिवशी सकाळी तात्या व्हाळात उतरले, ओंजळभर पाणी चाखलं. गोड. "पर पानी लई खाली हाय," ते चुटपुटत म्हणाले, "वरनं सोडलं तरच दारापत्तूर चढंल." आम्ही लक्ष दिलं नाही. आम्ही शंख गोळा करत होतो.

दुपारी मासळीचं जेवण अंगावर येऊन आम्ही आडवे झालो होतो. आये बाजाराला गेली होती. आणि एकाएकी मागून आरोळी आली, "पानी आलं! उठा! पानी आलं वो!" असा काही आवाज होता तो, की अंथरुणावरून आम्ही तिघेही एकदमच उठलो. व्हाळ काठोकाठ भरला होता. आमच्या कालव्याच्या मुलखातला माणूस भरलेला पाट बघून एकच समजतो, की वरच्या अंगाला कुणीतरी पाणी सोडलं. पाणी खालूनही वर चढतं, समुद्राला दुपारी भरती येते आणि ती व्हाळातून उलटी आत शिरते, हे आमच्यापैकी कुणाच्याच डोक्यात आलं नाही. भूगोल शिकवणाऱ्या मास्तरांच्याही नाही. तात्यांनी फळी उपसली होती. पाणी वाडीत घुसलं आणि काय तो सोहळा! तात्या खोरं परजत हुकूम सोडत होते, "वकील, त्ये दार बुजवा! मास्तर, म्होरलं मोडा! डागदर, हितं उभं ऱ्हावा, तुमीच बांध!" धोतरं खोचून, करवंट्या घेऊन आम्ही चिखलात नाचत होतो. मास्तर आनंदानं ओरडत होते. आयुष्यात मी इतका कधी हसलो नसेन. शेवटच्या वाफ्याला पाणी लागलं तेव्हा आम्ही चौघांनी टाळ्या पिटल्या.

तेवढ्यात आये आली. टोपली खाली ठेवून तिनं वाफ्यातल्या पाण्यात बोट बुडवलं आणि जिभेला लावलं. मट्‌कन खाली बसली आणि मिरचीच्या एका रोपावरनं नुसता हात फिरवत राहिली. तात्यांनी ते बघून स्वतः ओंजळ तोंडाला लावली आणि थुंकायचंही भान त्यांना राहिलं नाही. "खारा हाय," आये अखेर म्हणाली, "आता काय उरनार नाय." डॉक्टर खिशाकडं हात नेऊ लागले. तात्यांनी तो हात धरला. "न्हाय. मिरची पैशानं जगत न्हाय." मग ते आयेसमोर उकिडवे बसले. "आये, म्या केलं. म्याच निस्तरनार. झाड जळू देनार न्हाय तुजं."

आणि आमची सुट्टी तिथं संपली, किंवा खरं तर सुरू झाली. जास्त पाणी पिऊन आमच्याकडच्या रानात मीठ फुटतं. ते गोड्या पाण्यानं धुऊन चरातून बाहेर काढायचं काम तात्यांनी जन्मभर केलं होतं. त्यांनी वाफ्यावाफ्यातून चर खणले, ते फळीच्या दारापाशी आणले. विहिरीवर पायानं फिरवायचा जुना रहाट होता, आयेच्यानं तो फिरत नसे; त्यावर आम्हाला पाळीपाळीनं चढवलं. डॉक्टर रहाट तुडवत तात्यांच्या सात पिढ्यांचा उद्धार करायचे आणि उतरायची वेळ झाली की उतरायचे नाहीत. ओहोटी लागली की फळी उघडायची, भरतीच्या आत मिटायची. दोन दिवसांत तात्यांना समुद्राचं वेळापत्रक तोंडपाठ झालं आणि एका सकाळी ते हरखून माझ्याकडं धावत आले. "वकीलसायेब, ह्याची बी पाळी असतीय की वो! अन् पाटकरी न्हाय, काय न्हाय, आपला वेळंवर येतोय अन् जातोय!" तेव्हापासून त्यांना समुद्राविषयी आदर वाटू लागला. आयेलाही त्यांचा राग धरवेना. ती कपाळाला हात लावून म्हणायची, "खुळा हाय, पन बरा हाय," आणि त्यांच्या भातावर आमटी जरा जास्तच वाढायची.

निघायचा दिवस आला. मोटार उभी राहिली. तात्या वाफ्यात बसून मातीचं ढेकूळ जिभेवर ठेवत होते. मिरचीची पानं अजून कडेनं करपलेली होती. "आजून हाय मीठ," ते म्हणाले. "तुमी जावा."

"अहो तात्या, तुमची पाळी!" मास्तर किंचाळले. "परवा पाणी येणार!"

तात्यांचा चेहरा मी विसरणार नाही. पाण्यासाठी लग्नाचा मुहूर्त सोडून पळालेला हा माणूस हातातलं ढेकूळ बोटांनी चुरत होता. "ठावं हाय," ते म्हणाले. "पर ऊस माजा हाय. वाळला तर माजा वाळंल. हे तिचं हाय." मग आमच्या तिघांकडं आळीपाळीनं बघत, एरवी पोटच्या पोरावरही ज्यांनी पाणी सोपवलं नव्हतं ते तात्या म्हणाले, "दारं धरता येत्यात न्हवं आता तुमास्नी?"

आम्ही लासुर्ण्याला पोचलो ते थेट पाटावर. वकील, डॉक्टर आणि मास्तर दारं धरणार ही बातमी गावभर झाली आणि अर्धं गाव बांधावर बसून बघायला आलं. "डागदर, सरीला नाडी नसती वो!" असं कुणी ओरडलं की हशा उसळायचा. आम्ही जिवाच्या करारानं झुंजलो. तरी एका ठिकाणी बांध फुटला, निम्मं पाणी शेजाऱ्याच्या लसूणघासात गेलं आणि खालच्या अंगाचा ऊस कोरडाच राहिला. पुढच्या आठवड्यात तात्या परतले तेव्हा आम्ही तिघं बांधावर मान खाली घालून उभे होतो. त्यांनी सगळं रान पायाखालून घातलं. पिवळा पडलेला तो ऊस डोळ्यांनी बघितला. मग माझ्या पाठीवर थाप मारून म्हणाले, "बरं धरलंय." त्यांच्या तोंडून खोटं ऐकलं ते मी तेवढंच.

त्या वर्षी खालच्या रानात गूळ काही निघाला नाही. पण पुढच्या उन्हाळ्यात डॉक्टरांच्या मेव्हण्याबरोबर आयेनं वाळलेल्या मिरच्यांची एक पुरचुंडी धाडली. तात्यांनी आमच्यासमोर एक मिरची अख्खी चावून खाल्ली. डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहायला लागलं, आणि वाहतं पाणी दिसूनही त्यांनी ते अडवलं नाही. "खारट न्हाय," ते म्हणाले. "जरा बी खारट न्हाय." मग एकेक मिरची आम्हालाही खायला लावली.

आता तात्या नाहीत. ते गेले त्या दिवशीही त्यांची पाळी होती. ओढ्याकाठी सगळं उरकून आम्ही परतत होतो, तर पाटकरी वाटेवर चुळबुळत उभा. आज पाणी आलंय हे सांगावं की नाही, त्याला कळेना. मुलं बापाच्या दुःखात. आम्ही तिघं म्हातारे एकमेकांकडं बघत राहिलो. मग डॉक्टरांनी धोतर खोचलं आणि पडवीतलं तात्यांचं खोरं उचललं. गुडघे दुखत होते, दम लागत होता, पण एक थेंब बाहेर जाऊ दिला नाही. अगदी शेवटच्या सरीपर्यंत पाणी नेलं आणि बांधावर येऊन बसलो. बराच वेळ कुणी उठेना. "बरं धरलंय" म्हणायला कुणीतरी येईल, असं उगीच वाटत होतं.