आमच्या अळ्यांचं पथ्यपाणी

मिलमध्ये होतो तेव्हाही किस्से घडायचे, पण मशिनांच्या खडखडाटात ते कोणाला ऐकूच जायचे नाहीत. इथे शांतता आहे, माणसं मोजकी आहेत आणि किस्से मात्र कोंड्याच्या पोत्यांसारखे दाराशी थप्पी लावून पडलेत. मित्र भेटले की चहा यायच्या आधी म्हणतात, "सुनील, तुझ्या किड्यांचं सांग ना!" मग मी सांगतो. मला काय, आग्रहसुद्धा लागत नाही!

तर मी मूळचा धुळ्याकडचा, वाढलो सुरतेत. पांडेसऱ्यात एका डाइंग मिलच्या लॅबमध्ये कापडाचे शेड, म्हणजे रंगाच्या छटा, जुळवायचो. तिथे असतानाच जिग्नेशभाईंची ओळख झाली. त्यांनी लूम विकून टाकले होते आणि बमरोलीतल्या रिकाम्या शेडमध्ये मीलवर्म सुरू केले होते. मीलवर्म म्हणजे कोंड्यात वाढणाऱ्या पिवळसर अळ्या. त्या वाळवून त्यांची पावडर करतात आणि ती परदेशात प्रोटीनच्या बिस्किटांत जाते. अळ्यांना काय खायला घालायचं हे ठरवणं माझं काम. कारण अळी जे खाते तेच तिच्या अंगी लागतं आणि तेच लॅबच्या रिपोर्टात दिसतं. थोडक्यात, मी आचारी आहे. आणि चांगला आचारी आहे, उगाच खोटं कशाला बोलू!

जिवाला घोर फक्त एकच होता. शेड जिग्नेशभाईंच्या आईच्या नावावर. आम्ही सगळे त्यांना बा म्हणतो. बा कट्टर शाकाहारी, कांदा-लसूणही खात नाहीत. शेड देताना त्यांनी अट घातली होती की आत मांसमच्छीचा कण जरी आला तरी त्याच दिवशी कुलूप! आणि आत काय वळवळतंय हे त्यांना कोणी सांगितलंच नव्हतं. "प्रोटीननुं युनिट छे, बा," एवढ्यावरच जिग्नेशभाईंनी भागवलं होतं. बांना कळलं की आपला गाशा गुंडाळला, हे धरूनच आम्ही रोज शेड उघडायचो.

•••

सुरुवातीला मी नव्हतो तेव्हाची गोष्ट. जिग्नेशभाईंच्या चुलतभावाची बेकरी आहे. तिथला नानखटाईचा चुरा फुकट मिळतो म्हणून त्यांनी अळ्यांना तोच चारला. अळ्या अशा मस्त टुमटुमीत झाल्या की बघत राहावं! जिग्नेशभाई खुशीत. "माल जुओ, माल!" म्हणून येणाऱ्या-जाणाऱ्याला ट्रे दाखवायचे.

वाळवायला घातल्या तर खालचा कागद तेलकट. रिपोर्ट आला, त्यात चरबीच चरबी, प्रोटीन खाली. पावडर घेणाऱ्याने फोन केला, "अहो, हे काय पाठवलंत?"

जिग्नेशभाईंनी स्वतःच्या पोटावरून हात फिरवला आणि शांतपणे सांगितलं, "साहेब, सुरतमां जे रहे ए जाडा ज थाय!"

त्यानंतर मला बोलावणं आलं. मी आल्या आल्या नानखटाई बंद केली, गव्हाचा कोंडा आणि ओलाव्यापुरतं गाजर सुरू केलं. पुढच्या रिपोर्टात चरबी मुकाट खाली आली.

•••

आमच्याकडे ट्रे सांभाळायला मंगलामावशी आहेत. अमळनेरच्या, बोलणं अजून अस्सल अहिराणी. मन इतकं मऊ की दारातलं कुत्रंसुद्धा त्यांच्याकडे उपाशी राहत नाही. हेच आम्हाला नडलं!

झालं असं, अळ्या काढायच्या आदल्या दिवशी त्यांना काही खायला द्यायचं नसतं. पोट रिकामं झालं की पावडर स्वच्छ येते. मी मावशींना बजावून सांगितलं, "आज यांना काही घालायचं नाही. एकादशीसारखा कडक उपास!" मावशींनी मान हलवली.

सकाळी बघतो तर ट्रेमध्ये साबुदाणा आणि शेंगदाण्याचा कूट! अळ्या आडवा हात मारतायत.

"मावशी! हे काय केलंत?"

"मी काय कोंडा टाका का? उपासनंच टाकं ना! नुसता पोटवर कोन उपास करस, भाऊ?"

गाडी दारात उभी होती, तो माल तसाच काढावा लागला. लॅबवाल्याचा फोन आला, "पावडर एवढी पिठूळ कशी? यांच्या पोटात काय आहे?"

फोन जिग्नेशभाईंच्या हातात होता. ते म्हणाले, "साहेब, एमने अगियारस हती!"

•••

मग घेणाऱ्याला ओमेगा हवा झाला. म्हटलं, त्यात काय! जवस चारू. खाण्यातून जवस गेला की अळीच्या चरबीची जातच सुधारते, हे मला पक्कं ठाऊक होतं. पण अख्खा जवस टाकला तर बया कोंडा खाऊन जवस बाजूला सारायच्या. लहान पोरं भाजीतली मिरची काढतात तशा! दळून द्यायला हवा होता आणि शेडमध्ये चक्की नव्हती. मी घरातला मिक्सर उचलला आणि बायकोला न विचारता घेऊन आलो.

रेखाला संध्याकाळी चटणी वाटायची होती. पुढचं सांगत नाही, गल्लीने ऐकलंय.

पण रिपोर्ट काय आला म्हणता! ओमेगा असा वाढला की घेणाऱ्याने स्वतःहून अभिनंदनाचा फोन केला. मी छाती फुगवून घरी गेलो आणि रेखाला सगळं सांगितलं. तिने ताटात भाकरी आणि जवसाची चटणी वाढली. दुसऱ्या दिवशी जवसाची चटणी. तिसऱ्या दिवशीही तीच!

मी म्हटलं, "अगं, भाजी?"

ती म्हणाली, "खा मुकाट्याने. तुमचाही रिपोर्ट काढायचाय मला!"

•••

पावडरचा रंगही खाण्यावर जातो, बरं का. बटाटा खाल्लेल्या अळ्यांची पावडर मळकट दिसायची, गाजरवाल्यांची जरा सोनेरी. घेणारा म्हणाला, प्रत्येक खेपेला रंग एकसारखा पाहिजे. अरे, शेड जुळवण्यात माझी जवानी गेली! मी पावडरचे नमुने खिडकीशी ओळीने मांडले, डोळा बारीक केला, गाजर कमी-जास्त केलं आणि रंग पक्का बसवला.

तेवढ्यात मिलमधला जुना दोस्त राजू आला. त्याने नमुना उचलला, उजेडात धरला, बोटांनी चोळला आणि गंभीरपणे विचारलं,

"शेड मस्त आहे, सुन्या. पण धुतल्यावर टिकेल का?"

•••

आता बांचं सांगतो. ऐन मे महिना होता. सुरतचं ऊन, डांबर वितळतंय. बांचा फोन आला तेव्हा जिग्नेशभाई नेमके ट्रेपाशी उभे. हजारो अळ्या कोंड्यात चालल्या की सरसर सरसर आवाज येतो, अगदी पत्र्यावर पाऊस पडल्यासारखा. बांनी विचारलं, "आ शेनो अवाज छे? वरसाद पडे छे?"

जिग्नेशभाई गडबडले. "हा बा! धोधमार!"

"अहीं तो बळी मरीए छीए! ऊभो रहे, हुं त्यां ज आवुं छुं."

झालं! घरी उकाड्याने होरपळणाऱ्या बा आमच्या पावसात गारव्याला निघाल्या! मावशींनी ट्रेवर चादरी टाकल्या, मी कोंड्याची पोती पुढे ओढली. एवढ्यात रिक्षा दारात. बा आत आल्या, कोरड्या ठणठणीत जमिनीकडे बघितलं, आवाजाच्या दिशेने सरळ चालत गेल्या आणि चादर उचलली.

जिग्नेशभाईंचा शर्ट घामाने चिंब. शेवटी तेच एका दमात सगळं बोलून गेले: अळ्या, पावडर, परदेश, बिस्किटं. आणि मान खाली घालून उभे राहिले. मी मनातल्या मनात मिलच्या मॅनेजरला परत कामाला घे म्हणून सांगायची वाक्यं जुळवत होतो. मावशींचे डोळे भरून आले होते.

बांनी चष्मा लावला. ट्रेवर वाकल्या. मग माझ्याकडे वळून विचारलं,

"आ शुं खाय छे?"

"कोंडा, बा. गाजर. थोडा जवस."

"बीजुं कंई?"

"दुसरं काही नाही, बा."

"कांदा? लसण?"

"छे, छे! मालाला वास लागतो."

बांनी चादर जशी होती तशी नीट पांघरली, कडा खाली खोचल्या. चष्मा काढला आणि लेकाकडे बघितलं.

"आ भले अहीं रहे," बा म्हणाल्या. "तू रोज सांजे आमलेटनी लारीए जाय छे ने? तू बीजी जग्या शोधी ले!"