गव्हाच्या पिठातला पाऊस

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. बायकोलाही नाही — आणि तिला तर माझ्या घोरण्यापासून सगळंच ठाऊक होतं. तुम्हाला सांगतोय, पण मान वर होत नाही.

एकोणीसशे पन्नासनंतरची ती वर्षं. मी सणसरच्या शाळेत मास्तर होतो. ढगात थेंब कसा वाढतो, हे शोधणारे एक साहेब पुण्याहून यायचे. त्यांची रीत साधी — ताटात चाळलेलं गव्हाचं पीठ पसरायचं, पावसात चार श्वास उघडं धरायचं, मग झाकायचं. पडलेल्या प्रत्येक थेंबाची पिठात गोळी होते. त्या वाळवून डब्यात ठेवायच्या. गोळ्यांवरून थेंब केवढे होते, ते साहेबांना कळायचं.

ताट धरायचे शाळेचे शिपाई, दगडूतात्या. वेळ लिहायचो मी. तात्यांना अक्षरओळख नव्हती, पण ताट असं जपून धरायचे, जसं काही त्यात तान्हं मूल निजलंय. या कामाचा त्यांना फार अभिमान होता.

एके दुपारी तात्या बारामतीला गेले, ताट माझ्यावर सोपवून. मी जेवून जरा लवंडलो. जाग आली तर अंगण ओलं — पाऊस येऊन गेलेला. 'झोप लागली' एवढं सांगितलं असतं तर काय बिघडलं असतं? साहेब हसले असते फार तर. पण मास्तर झोपला म्हणायची मला लाज वाटली. मी आंब्याची डहाळी पाण्यात बुडवली आणि पूजेत शिंपडतात तसं पिठावर शिंपडलं.

साहेब आले. गोळ्या चाळून बघितल्या. सगळ्या टपोऱ्या, जवळजवळ एकाच मापाच्या. खऱ्या पावसात लहानमोठे थेंब मिसळलेले असतात — हे मला कुठं माहीत होतं?

"हा पाऊस नाही," साहेब म्हणाले. "कुणी केलं हे?"

आणि मी — मी म्हणालो, "ताट तात्या धरतात." त्यात खोटं एक अक्षर नव्हतं. हीच माझी हुशारी.

तात्यांचं ते काम गेलं. तात्यानं साहेबाला फसवलं, असं गाव बोलू लागलं. त्यांनी माझ्यावर संशय घेतला असेल? छे. गोळ्या कोणत्या दिवसाच्या, हे त्यांना कुणी सांगितलंच नाही. "माझाच हात हालला आसंल, गुरुजी," म्हणाले.

पुढच्या पावसात ते घरचं ताट घेऊन अंगणात उभे राहिले. भाकरीचं घर ते, गहू सणापुरता. पुरणपोळीसाठी राखलेलं पीठ त्यांनी त्यात पसरलं होतं. वाळलेल्या गोळ्या फडक्यात बांधून माझ्याकडे आणल्या. "सायबाला दावा. ह्या खऱ्या हायेत. काम नगं मला. म्या लबाड न्हाय, येवढं त्यास्नी कळू द्या."

पाठवतो म्हणालो. पण या बघून साहेबांनी विचारलं असतं, मग आधीच्या कुणाच्या? मी त्या ओढ्यात टाकल्या.

तात्या दोन-तीनदा विचारायला आले, "सायेब काय म्हनलं?" शेवटी मी सांगून टाकलं — साहेबांनी बघितल्या, त्यांना पटल्या नाहीत. तात्या "बरं" म्हणाले. परत कधी विचारलं नाही.

आपण लबाड ठरलो, असं समजूनच ते गेले. खांदा द्यायला मी पुढे होतो.